पाण्यापर्यंत रस्ता कसला आहे?

मित्रांनो, मला लोक व्हीलचेअर म्हणतात, पण घरात मी नुसती 'खुर्ची' आहे. मी आता जुनी झाले आहे. हातांच्या दांड्यांपाशी माझा निळा रंग उडाला आहे आणि पुढचं डावं चाक वळताना कुरकुरतं. बंगळुरूत बनशंकरीच्या एका घरात तळमजल्यावर मी नऊ वर्षं आहे. एवढ्या काळात एकदाच मी परदेशी गेले, इटलीच्या दक्षिणेला, समुद्रावर. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगते. पण त्याआधी थोडं माझ्याविषयी.

माझा सांगाडा कोइमतूरजवळच्या एका कारखान्यात तयार झाला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, रंग भट्टीत पक्का केला आणि काळ्या कापडाची बैठक ताणून बसवली. मग जयनगरच्या एका दुकानात कुबड्यांच्या शेजारी मी चार महिने घडी होऊन उभी होते. एका सकाळी उपेंद्रराव आले. सरकारी कारखान्यात अडतीस वर्षं यंत्रांबरोबर काढलेला हा माणूस. दुकानदाराशी काही बोलण्याआधी त्यांनी खिशातून टेप काढली आणि माझी रुंदी मोजली.

"न्हाणीघराचं दार सत्तावीस इंच आहे, ही पंचवीस. सरी, हीच द्या," ते म्हणाले. उपेंद्ररावांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरूत आहे, त्यामुळे 'ठीक' म्हणायला त्यांच्या तोंडी 'सरी'च येतं.

मला आणलं ते त्यांच्या पत्नीसाठी, नीलाताईंसाठी. नीलाताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी शाळा सुटली की त्या समुद्रात असायच्या. लग्न होऊन इकडे आल्यावर बनशंकरीतल्या पोहण्याच्या तलावावर त्यांनी कितीतरी बायकांना पोहायला शिकवलं. पुढे त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण पाय गेले ते गेलेच.

पहिले काही आठवडे त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पलंगाशेजारी उभी असायचे आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एक दिवस उपेंद्रराव अंगणात कुणाशी बोलत होते आणि आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. सहावी झाली तशा नीलाताई उठून बसल्या. हातांवर भार देत माझ्यावर सरकल्या, चाकं फिरवत स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद केला. परत मात्र आल्या नाहीत. तिथेच बसून त्यांनी कोथिंबिरीची जुडी निवडली.

तेव्हापासून माझी कामाची वर्षं सुरू झाली. नीलाताई गणिताच्या शिकवण्या घेऊ लागल्या. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, तुमची गाडी किती हलकी हो!" तेव्हा मला बरं वाटायचं. मग एका वर्षी विजेवर चालणारी मोठी खुर्ची आली. मला मागच्या गॅलरीत ठेवलं आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. आठ महिने मी तशीच होते. पण ती मोठी खुर्ची गाडीच्या डिकीत मावेना आणि न्हाणीघराच्या दारातून जाईना. शेवटी माझी चाकं पुसून मला पुन्हा आत आणलं.

उपेंद्ररावांची एक सवय मात्र सांगायला हवी. दुकानात, दवाखान्यात, लग्नात कुणी नीलाताईंना काही विचारलं की उत्तर हे द्यायचे. "तिला उकडतं." "तिला तिखट चालत नाही." "तिला जमायचं नाही." त्यांची माया खोटी नव्हती. बारा वाजता औषध म्हणजे बारा वाजता औषध. पण मी पाहिलंय, ते बोलायला लागले की नीलाताई आपली बोटं माझ्या दांडीवर घट्ट आवळायच्या.

सहा वर्षांपूर्वी आम्ही गोकर्णला गेलो होतो. उपेंद्ररावांनी मला वाळूत ढकललं. दहा हात पुढे गेल्यावर माझी पुढची चाकं रुतली, मी तोंडावर कलंडले आणि नीलाताई वाळूत पडल्या. माणसं जमली. दोघातिघांनी फोन बाहेर काढले. उपेंद्ररावांनी नीलाताईंना उचलून गाडीत बसवलं. त्यानंतर आमच्या घरात समुद्राचा विषय निघाला नाही.

तो काढला मुलीने. अमृता आणि तिचा नवरा आशय दोघंही आयटीत, जे. पी. नगरला राहतात. त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होणार होती, म्हणून ते इटलीच्या समुद्रावर सुट्टीला निघाले होते. "आई-बाबा, तुम्हीपण चला," अमृता म्हणाली. विमानात बॅटरीची कटकट नको म्हणून मोठी खुर्ची घरी राहणार आणि मी जाणार असं ठरलं.

एका रविवारी सगळे जे. पी. नगरला टीव्हीसमोर बसले. तिकडच्या किनाऱ्यांवर बीच क्लब असतात. दिवसभरासाठी छत्री आणि आरामखुर्ची आधी राखून ठेवायची. खाणंपिणं आणि आंघोळीची सोय तिथेच. आशयने बरेच क्लब पाहून दोन निवडले होते. एकात पांढऱ्याशुभ्र छत्र्या, खडकांमध्ये निळंभोर पाणी, संध्याकाळी गाणीबजावणी. दुसऱ्यात हिरव्या छत्र्यांच्या चार रांगा, पत्र्याची शेड आणि तळलेल्या मासळीचा फोटो.

"पांढरावाला बेस्ट आहे," आशय म्हणाला. तो पुण्याचा, बोलणं भरभर. "रिव्ह्यूज जबरदस्त आहेत. आणि आई, हे बघा, व्हीलचेअरचं चिन्हपण आहे."

"झालं तर मग," उपेंद्रराव म्हणाले. "तुम्ही पोहा. आम्ही सावलीत बसू. तिला तेवढं पुरे."

नीलाताई पडद्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "पाण्यापर्यंत रस्ता कसला आहे?"

आशयने दोन्ही क्लबांची पानं वरखाली केली, पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"आई, चिन्ह आहे म्हणजे असेलच ना काहीतरी," अमृता म्हणाली.

"असेल. पण कसला? वाळू आहे, खडक आहे, पायऱ्या आहेत? आणि मला पाण्यात उतरायचं असेल तर काय करतात? लिहून विचार ना त्यांना. दोघांनाही."

'पाण्यात' हा शब्द ऐकून उपेंद्ररावांनी कप खाली ठेवला. "नीला, गोकर्ण विसरलीस?"

"पडले मी होते," नीलाताई शांतपणे म्हणाल्या. "मी विसरले. तुम्हीच अजून तिथे बसला आहात."

अमृताने तिथल्या तिथे दोन्हीकडे ईमेल पाठवला.

पांढऱ्या क्लबचं उत्तर तासाभरात आलं. आपलं स्वागत आहे, आमचे कर्मचारी तत्पर आणि सशक्त आहेत, काळजी नसावी. हिरव्या क्लबचं तीन दिवसांनी आलं. कार्मेला नावाच्या बाईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की दारापासून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे, पायरी एकही नाही. सोबत त्या वाटेवर टेप धरून काढलेला फोटो होता. पाण्यात जाणारी, मोठ्या पिवळ्या टायरांची एक खुर्ची आहे. ती चालवायला दोन माणसं लागतात, एक आमचा, एक तुमचा. शेवटी लिहिलं होतं, "वारा असला तर नाही. हे आधीच सांगते."

उपेंद्ररावांनी तो फोटो मोठा करून आकडा वाचला. ब्याण्णव सेंटिमीटर. मी त्यावरून सहज जात होते. त्यांनी मान डोलावली, पण म्हणाले, "नको. उगीच आशा लावायची."

अमृताचा जीव पांढऱ्या छत्र्यांमध्ये अडकला होता. दहा वर्षांनी एक सुट्टी मिळत होती. नीलाताईंना ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, "पहिला दिवस तुमच्या क्लबात. मी येईन. दुसरा दिवस माझ्या क्लबात." तसंच ठरलं.

विमानाच्या पोटातून मी इटलीला पोचले. माझी पाय ठेवायची एक पट्टी वाकली होती, ती उपेंद्ररावांनी हॉटेलच्या अंगणात सरळ केली. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढऱ्या क्लबात गेलो. वर गाड्या लावायच्या जागेशेजारी गच्ची होती, तिथे जेवणाची टेबलं आणि एक रुंद स्वच्छतागृह. चिन्ह त्या स्वच्छतागृहाचं होतं. पाणी खाली होतं आणि तिथे जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या. उपेंद्ररावांनी मोजल्या, एकतीस.

दोन वाढपी हसत हसत आले आणि न विचारता दोन्ही बाजूंनी त्यांनी मला उचललं. पहिल्या पायरीवरच मी कलले.

"थांबा! खाली ठेवा!" नीलाताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की गच्चीवरची माणसं वळली. त्यांनी मला खाली ठेवलं. ती पोरं वाईट नव्हती. एकाचा चेहरा तर पडलाच.

अमृता आणि आशय खाली गेले आणि दहा मिनिटांत परत आले. चौघंही गच्चीवर लिंबाचं सरबत पीत बसले. समुद्र तिथून चित्रासारखा दिसत होता.

"आई, सॉरी," आशय म्हणाला. "मी चिन्ह बघितलं आणि पुढे गेलो."

"तू निदान चिन्ह तरी बघितलंस," नीलाताई म्हणाल्या. "पण आता दोघंही खाली जा. सुट्टी तुमची आहे. माझा उद्याचा दिवस आहे ना."

पण दुसऱ्या दिवशी वारा सुटला. हिरव्या क्लबच्या दारात कार्मेला उभी होती, साठीची, उन्हाने रापलेली, केस रुमालात बांधलेले. तिने नुसतं बोट वर केलं. खांबावर लाल निशाण फडफडत होतं.

"नशिबातच नाही," उपेंद्रराव म्हणाले. मला वाटतं, त्यांना थोडं हायसंही वाटलं असावं.

"नशीब नाही हो, वारा आहे," नीलाताई म्हणाल्या. "तो उद्या पडेल का, विचारा तिला."

कार्मेलाने आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं, उद्या सकाळी सातला या, नऊनंतर पुन्हा सुटेल. उद्या तर जुनं शहर पाहायला जायचं ठरलं होतं. अमृताने आशयकडे पाहिलं. "शहर कुठे जात नाही," ती म्हणाली.

सकाळी सातला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट होता. लाकडी वाटेवर माझी चाकं खडखडत पार टोकापर्यंत गेली. पुढे पिवळ्या टायरांची खुर्ची आणि जीवरक्षक उभा होता. त्याने गुडघे टेकले, नीलाताईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि हातांनी विचारलं, कुठे धरू? नीलाताईंनी काखेखाली धरायला सांगितलं. त्यांना तरंगणारं जाकीट घालून त्या खुर्चीत बसवलं. माझी बैठक रिकामी झाली.

"दुसरा माणूस?" कार्मेलाने विचारलं. आशयने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीच होती. नीलाताई म्हणाल्या, "आशय, थांब जरा. अहो, तुम्ही येता का?"

उपेंद्ररावांना पोहता येत नाही. घोट्याच्या वर समुद्र त्यांनी कधी अंगाला लागू दिला नव्हता. तरी घड्याळ आणि चष्मा काढून त्यांनी माझ्या बैठकीवर ठेवला आणि पिवळ्या खुर्चीचा दांडा धरला.

पाणी आधी गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. छातीपर्यंत आल्यावर खुर्ची तरंगू लागली. नीलाताई जीवरक्षकाला काहीतरी म्हणाल्या. त्याने पट्टा सोडला आणि त्या पाठीवर पाण्यात उतरल्या.

"नीला!" उपेंद्ररावांचा आवाज फुटला.

"आहे मी," नीलाताई म्हणाल्या. "तुम्ही खुर्ची सोडू नका, नाहीतर तुम्हालाच काढावं लागेल मला."

आणि त्यांनी हात मागे टाकला. मग दुसरा. पाय मागून नुसते येत होते, पण हातांना सगळं आठवत होतं. जीवरक्षक शेजारून पोहत होता, तरी त्याला काही करावं लागलं नाही. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या दूरच्या पिवळ्या फुग्यापर्यंत त्या गेल्या आणि वळल्या. काठावर अमृता रडत होती आणि आशय तिचा हात धरून उभा होता. उपेंद्रराव छातीभर पाण्यात रिकामी खुर्ची धरून उभे होते. चष्मा माझ्यापाशी होता, त्यामुळे त्यांना नीट दिसत नसणार. म्हणून नीलाताई दर चार हातांनंतर मोठ्याने सांगत होत्या, "आहे मी, इथे आहे." पाऊण तास हे चाललं होतं.

नऊला वारा सुटला तेव्हा त्या पुन्हा माझ्यावर बसल्या होत्या, अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळत. कार्मेलाने मासळीची ताटली आणली आणि उपेंद्ररावांना विचारलं, "बाईसाहेबांना तिखट चालतं का?"

उपेंद्ररावांनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. ओले हात टॉवेलला पुसले आणि नीलाताईंकडे बोट केलं.

"तिलाच विचारा," ते म्हणाले.

मित्रांनो, खारं हवामान लोखंडाला मानवत नाही. तेव्हापासून माझ्या चाकांची कुरकुर वाढली आहे. उपेंद्रराव महिन्याकाठी मला गोड्या पाण्याने पुसतात आणि तेल घालतात. माझ्यासारखी खुर्ची तुमच्या घरात असेल तर तुम्हीही तेवढं करा. आणि आणखी एक मागणं आहे. माझ्या पाठीमागचे दांडे हाताशी सोपे असतात, कुणालाही पटकन धरावेसे वाटतात. ते धरण्याआधी पुढे या, बसलेल्या माणसासमोर उभे राहा आणि कुठे जायचं आहे ते त्याला विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ मी ब्रेक लावून थांबेन.