वार पाळणारं औषध

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो. तीन भांड्यांचा आणि दोनच झाकणांचा. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुसऱ्या मजल्यावर, ओट्याच्या कोपऱ्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटावर पूर्वी नारिंगी फूल होतं. आता देठ उरलाय. शाळेत तुम्हाला छत्रीचं आत्मवृत्त लिहायला लावतात, फाटक्या पुस्तकाचंही लावतात. मिक्सरचं कुणी सांगत नाही. आम्ही काय काय दळलं हे बोलायला लागलो, तर बऱ्याच घरांत घास उतरणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि लगेच मला थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते लग्नाच्या मांडवात. हुपरीत घरच्या घरी चांदीची पैंजणं घडवणाऱ्या एका बापानं मला आपल्या लेकीला, निशिगंधाला, आहेर दिलं. तिच्यासोबत मीही सासरी आलो.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. पांढऱ्या रश्श्याचं खोबरं आणि खसखस मी अशी वाटायचो की बोटांना कण लागत नसे. निशिगंधाची सासू मीनाबाई शेजारणींना सांगायची, मिक्सर चांगला निघाला, सुनेचं बघू.

सून एस.टी.त कंडक्टर होती. गगनबावड्याच्या गाडीवर तिची ड्यूटी. खणखणीत आवाज. तिनं ‘पुढं सरका’ म्हटलं की बसलेली माणसंसुद्धा सरकायची, असं तिचा नवरा ऋतुराज अभिमानानं सांगायचा. ऋतुराजला भांडण अजिबात आवडत नसे, म्हणून तो घरात सगळ्यांनाच हो म्हणत असे.

मग तो आवाज बसला. तिचं तोंड सुजलं, केस गळून माझ्या भांड्यात पडू लागले, आणि भर मे महिन्यात ती स्वेटर घालून भाकरी थापायला लागली. बसल्या जागी तिला झोप लागायची. मीनाबाई म्हणाली, दिवसभर एस.टी.त हिंडणाऱ्या बाईला घरचं काम जड जाणारच.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉइड. शरीर स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं. रात्री जेवताना निशिगंधानं हे घरच्यांना समजावून सांगितलं.

“आपलंच आपल्याला खातंय? आसं कुठं आसतंय व्हय?” मीनाबाई म्हणाली.

मी या कुटुंबाला रोज जवळून बघत होतो, मित्रांनो. मला काही विशेष वाटलं नाही.

उपाय अगदी साधा होता. रोज सकाळी उपाशीपोटी एक चिमुकली गोळी घ्यायची, आणि चहाला जरा थांबायचं. त्या गोळीनं आवाज परत येऊ लागला होता. पण डॉक्टर ‘आयुष्यभर’ म्हणाले होते आणि घर त्या शब्दाशी अडलं. आयुष्यभर गोळी म्हणजे व्यसनच की, असं ठरलं. मग जो येईल तो काहीतरी घेऊन यायला लागला आणि जे येईल ते माझ्या पोटात पडायला लागलं. धने झाले, शेवग्याचा पाला झाला, अश्वगंधा झाली. एका पाहुण्यानं जांभळाच्या बिया आणल्या. त्या मधुमेहावरच्या होत्या, पण एवढ्या लांबून आणल्यात तर घे म्हणाले. तिनं घेतल्या. नको म्हटलं की माणसं दुखावतात, आणि दुखावलेली माणसं तिच्याकडेच जेवायला असायची.

तरी गोळी चालू होती. ती बंद केली आकाराम मामांनी.

आकाराम मामा म्हणजे मीनाबाईचा धाकटा भाऊ. मनानं फार चांगला माणूस. या गोष्टीतली खरी अडचण तीच आहे. त्यांनी मोबाइलवर बघितलं की परदेशात माणसं जनावराची गळ्यातली ग्रंथी वाळवून, पूड करून खातात. तिकडं ती डुकराची असते. मामांनी विचार केला, आपल्यात डुक्कर कोण खाणार? पण बकरं तर आपल्या हक्काचं. त्यांनी ओळखीचा मटणवाला गाठला आणि गळ्यातली गाठ मागितली. मटणवाल्यानं विचारलं, “पावणं, पांढऱ्याला का तांबड्याला?” औषधाला म्हटल्यावर त्यानं हाताला लागली ती गाठ कागदात बांधून दिली. ती नक्की कसली होती, हे त्या बकऱ्यालाच माहीत.

गाठ गच्चीवर वाळली. मग माझ्यात आली. ज्या भांड्यात मी खसखस वाटली होती त्याच भांड्यात मी ती दळली. मला विचारलं नव्हतं. मला कधीच विचारत नाहीत.

“आता ती गोळी बंद कर, सूनबाई,” मामा म्हणाले. “दोन्ही घेतलं की डबल व्हतंय. हे आसल हाय.”

निशिगंधानं ऋतुराजकडं बघितलं. ऋतुराज हो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पूड एका चमच्याला काहीच करायची नाही, आणि दुसऱ्या चमच्याला निशिगंधाचं काळीज असं धडधडायचं की ती छातीवर हात दाबून माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभी राहायची. मीनाबाईला त्यात आनंद होता. औषध लागू पडतंय म्हणायची.

आता नीट ऐका, कारण पुढची चूक फक्त आमच्या घरात होऊ शकते. औषध बकऱ्याचं होतं, आणि आमच्या घरात वार पाळतात. सोमवारी आणि गुरुवारी औषध बंद. एकादशीला, संकष्टीला बंद. त्या दिवशी तिचा आजारही उपास धरत असावा, असा घरचा समज होता. असं करत करत श्रावण लागला आणि औषध महिनाभर बंद झालं. त्याला लागून गणपती आले.

“आत्ती, एवढे दिवस मी गोळी घेऊ?” निशिगंधानं बसक्या आवाजात विचारलं.

“देवाच्या महिन्यात काय सुदिक व्हत न्हाय,” मीनाबाई म्हणाली, आणि तिनं डब्यात राहिलेली गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली.

त्या पावसात निशिगंधा हळूहळू बंद पडत गेली. घाटातल्या गारठ्यात तिचे हात वाकेनात. एकदा गगनबावड्याहून परतताना ती घंटी देऊन सीटवर टेकली आणि झोपली. प्रवासी भले. त्यांनी तिला उठवलं नाही; स्वतःच घंटी मारत, थांबे घेत, गाडी कोल्हापूरपर्यंत आणली. ड्रायव्हरला वाटलं, आज बाईंचं काम फार शिस्तीत चाललंय. स्टँडवर तिला हलवलं तेव्हा तिला आपलं नाव सांगायला वेळ लागला.

डेपोतून तिला घरी पाठवलं. तब्येत ठीक असल्याचा दाखला आण, तोपर्यंत गाडीवर चढायचं नाही. डॉक्टरांनी तिला उभ्या उभ्या झापलं. गोळी सोडून असंच चाललं, तर झोपेतून उठणारच नाहीस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ती घरी आली आणि भांडली नाही. भांडायला लागणारी ताकद तिच्यात नव्हती. तिनं नवीन गोळ्या माझ्या चटणीच्या भांड्यात ठेवल्या. त्याचं झाकण तुटल्यापासून त्याला कुणी हात लावत नव्हतं. पहाटे उठून ती माझ्याकडं यायची, गोळी घ्यायची, पाणी प्यायची. गणपती गेल्यावर पूड पुन्हा सुरू झाली. ती पूड गॅलरीत येणाऱ्या मांजराला मिळायला लागली. मांजर वाळलं आणि भर दुपारी पत्र्यावर एकटंच शर्यत लावायला लागलं. मीनाबाई म्हणाली, याला वारं लागलंय.

हिवाळ्यापर्यंत निशिगंधाचा आवाज परतला. दाखला मिळाला, गाडी मिळाली. रिपोर्ट चांगला आला आणि मीनाबाईनं तो सगळ्या जिन्यात दाखवला. बकऱ्यानं गुण दिला. मामांचा नारळ देऊन सत्कार झाला. तो नारळही मीच वाटला. निशिगंधा गप्प बसली. घर शांत होतं, ती बरी होती. तिला वाटलं, एवढं पुरे.

मग एका दुपारी मामा कागदाचा पुडा घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी प्रीती होती, कॉलेजात जाणारी. तिच्या गळ्याशी सूज होती आणि अंगात स्वेटर होता.

“हिलाबी तेच निघालंय,” मामा म्हणाले. “गोळी कालच बंद केली. हिच्या वैनीला गुण आला, मग हिला का येणार न्हाय?”

निशिगंधा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“मामा, मला पावडरीनं गुण आला नाही. मी गोळी घेत होते.”

मीनाबाईनं पुडा माझ्या भांड्यात ओतला आणि माझं बटण दाबलं. मी गरजायला लागलो. निशिगंधा पुढं काय म्हणाली ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि गगनबावड्याच्या गाडीतल्या आवाजात पुन्हा सांगितलं.

“गोळी घेत होते. पावडर मांजराला घालत होते.”

मग मीनाबाई म्हणाली, “माझा भाऊ तुझ्यासाठी मार्केट हिंडला. बकऱ्याचा जीव गेला. आणि तू मांजराला घातलंस, निशे?”

एक माणूस मरता मरता राहिलं होतं, पण शोक बकऱ्याचा झाला. मामांचे डोळे भरले होते. ऋतुराज भिंतीला हो म्हणत होता.

“वैनी, पप्पांनी एवढं केलंय,” प्रीती हळूच म्हणाली. “मी पण तुझ्यासारखी लपवून घेते की.”

“नको. मी लपवली म्हणून ही पूड तुझ्यापर्यंत आली. सगळ्यांसमोर घे. रडू देत त्यांना.”

चटणीच्या भांड्यातून तिनं पाकीट काढलं, गोळीवरचा आकडा प्रीतीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. प्रीतीनं बापाकडं बघितलं. मग गोळी गिळली. मामा चपला न घालता जिना उतरले.

प्रीती आता बरी आहे, मित्रांनो. निशिगंधाशी मात्र घरात कुणी धड बोलत नाही. मामा लोकांना सांगतात, पोरींना दोन्ही मिळून गुण आला, गोळी नुसती निमित्त. काल खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाई वाटी घेऊन आल्या. त्यांच्या लेकीला नुकतंच थायरॉइड निघालंय. मीनाबाईनं उरलेली पूड त्यांना दिली आणि जाडसर वाटते म्हणून पुन्हा एकदा माझ्यातून काढली. निशिगंधा ड्यूटीवर होती.

मला पुसून ठेवा, माझं झाकण बदला, असं मी सांगणार नाही. मी किती दिवस चाललो काय आणि नाही काय. पण तुमच्या घरात कुणी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेत असेल, तर तिचा चहा जरा उशिरा ठेवा. आणि कुणी प्रेमानं पुडा घेऊन आलं, तर तुम्ही नको म्हणा, आणि मोठ्यानं म्हणा. मला ते जमत नाही. बटण दाबलं की मी दळतो.