द्वारा बन्सी पोस्टमन

त्या बुधवारी बाबांचा बटवडा सकाळी नऊलाच सुरू झाला. मी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. फोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलत, की पलीकडच्याला ते फोनशिवायही ऐकू जावं.

"आशाबाई, आज दोन ताटं वाढीव. व्हय, दोघंबी नवीन. तिखट कमी करू नका, लेकरं आजारी नायत, उपाशी आहेत."

मेस चालवणाऱ्या आशाबाईंचा फोन ठेवून मग वसतिगृहाच्या वॉर्डनला. "खाट कधी रिकामी होणार? शुक्रवारी? मग ती माझी. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

टपालखात्यात पत्रं वाटण्याच्या कामाला बटवडा म्हणतात. बाबांनी छत्तीस वर्षं तो केला, उस्मानपुऱ्यापासून हर्सूलपर्यंत. निवृत्तीनंतर ते पत्रांऐवजी पोरं वाटू लागले. अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहानं बाहेर काढलेली, घरातून हाकललेली, बसस्थानकावर झोपणारी. शहरात कुणाकडं खाट होती पण जेवण नव्हतं, कुणाकडं जेवण होतं पण खाट नव्हती, कुणाला कारखान्यासाठी हात हवे होते, आणि यातल्या कुणालाच एकमेकांची खबर नव्हती. बाबांना सगळ्यांची होती. वही नव्हती, यादी नव्हती. ज्याला पाच हजार घरं तोंडपाठ होती त्याला वही कशाला लागेल?

अडायचं ते पत्त्यापाशी. निवाऱ्यात झोपायचं तर आधार कार्ड दाखवा. आधार हवं तर रहिवासाचा पुरावा आणा. पुरावा हवा तर आधी कुठंतरी राहा. हे ज्यानं ठरवलं त्याला एक रात्र बसस्थानकाच्या बाकावर झोपवायला हवं होतं. बाबा तसलं काही बोलत नसत. ते पोरांच्या अर्जावर सरळ लिहीत: द्वारा बन्सी पोस्टमन, उस्मानपुरा.

पण खोटा पत्ता त्यांना खपत नसे. म्हणून घरचा नियम होता. ज्याच्या कागदावर आमचं घर, त्यानं आमच्या घरात आठ दिवस राहायचं. "पत्त्यावर माणूस राह्यलं पाहिजे," ते म्हणत, "नायतर तो पत्ता नाय, नुसती शाई."

त्या आठवड्यात मोनिका होती. अठरा वर्षं आणि दोन महिन्यांची. बालगृहानं तिला वाढदिवसाला केक दिला होता आणि दुसऱ्या दिवशी पिशवी. बिडकीनजवळच्या एका कारखान्यात तिची निवड झाली होती. काम आणि तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात जागा, दोन्ही एकदम. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला तेवढा बाकी होता, तोही तीस तारखेच्या आत. नाही दिला तर जागा दुसरीला.

"ताई, वांगी आहेत का आज?" मोनिकानं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"का गं?"

"बालगृहात इतकी खाल्ली, की वांगं दिसलं की मी हजेरी देते."

बाबा बाहेरून हसले. "आमच्या अमूच्या हातचं खा. हजेरी सोड, रजेचा अर्ज देशील."

मी हसले नाही. तिची पिशवी माझ्या पुस्तकांवर ठेवलेली मला सकाळपासून दिसत होती. माझी खोली, माझं टेबल, माझं वय बेचाळीस, आणि आठ-आठ दिवसांनी बदलणारी ही माणसं. आई गेल्यापासून घरात माझा म्हणून एक कोपरा राहिला नव्हता. बाबा ताटावर बसले तेव्हा म्हणाले, "शनिवारी पडताळणीवाला येईल. मी नसलो तर तू दार उघड, नीट सांग."

"सांगेन," मी म्हणाले.

"नीट," ते पुन्हा म्हणाले, आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

गुरुवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता बाबा गेले. सगळं इतकं लवकर झालं, की मोनिका पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो प्यायला कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी कुणी आलं नाही. सोमवारी मोनिकाच्या फोनवर निरोप आला, अर्ज परत केला आहे. ती ठाण्यात जाऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं एकेक शब्द पाठ केल्यासारखा सांगितला. "नमूद पत्त्यावर यापूर्वीचा अर्जदार आढळून आला नव्हता. पत्ता संशयास्पद. म्हणाले, समितीचं पत्र आणा, मग बघू." मग तिनं विचारलं, "ताई, यापूर्वीचा म्हणजे कोण?"

मला माहीत होतं कोण.

मागच्या वर्षी आकाश आमच्याकडं होता. त्याचे आठ दिवस रविवारी संपले आणि तो आशाबाईंच्या मेसच्या माळ्यावर झोपायला गेला. मंगळवारी त्याच्या पडताळणीसाठी हवालदार दारात आले. बाबा बाहेर गेले होते. मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि त्या दिवशी दार उघडायची ती माझी चौथी वेळ होती.

"आकाश इथं राहतो का?"

"नाही राहत," मी म्हणाले आणि दार लावलं.

मी मराठी शिकवते. प्रश्न वर्तमानकाळात होता, उत्तर वर्तमानकाळात होतं, आणि ते बरोबर होतं. एवढ्या एका वाक्यामागं मी वर्षभर लपले. 'परवापर्यंत होता, आता मेसवर आहे, मी ओळखते त्याला,' हे म्हणायला उत्तरपत्रिकेचं एक पान तपासण्याइतकाही वेळ लागला नसता.

अहवाल गेला: सदर इसम नमूद पत्त्यावर राहत नाही. आकाशचं काम गेलं. बाबांना इतका धक्का बसलेला मी कधी पाहिला नव्हता. हाच शेरा त्यांनी स्वतः हजारो पाकिटांवर लिहिला होता, आणि दारात जाऊन खात्री केल्याशिवाय एकदाही लिहिला नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं, की हवालदार आलाच नाही, हाटेलात बसून त्यानं अहवाल लिहिला. तो आला असता तर मी नीट सांगितलं असतं, हे ते धरूनच चालले होते, म्हणून मला त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी वरिष्ठांकडं चार अर्ज केले. प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी शुद्धलेखन बघायला माझ्याकडं दिला. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. आकाश पुण्याकडं गेला म्हणतात. त्याचा फोन लागत नाही.

समितीची बैठक बुधवारी होती. बेघर तरुणांसाठी शहरातल्या संस्थांचा समन्वय करणारी ही समिती दोन वर्षांपूर्वी स्थापन झाली होती. बाबा गमतीनं म्हणत, "तिथं सगळे असतात, बेघर सोडून." मी आणि मोनिका गेलो. आशाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, मेसचा ॲप्रन काढायचा विसरून.

व्यासपीठामागं बाबांचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स होता. त्यावर छापलं होतं, 'कैलासवासी बन्सीकाका'. आमच्यात कालकथित म्हणतात. बाबांनी वयाच्या विसाव्या वर्षापासून ज्या विहारात बुद्धवंदना म्हटली, तिथल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला वेळ नव्हता, छापायला होता.

दोन मिनिटं शांतता झाली. मग समितीचे सचिव राजकुमार सर बोलायला उठले. "बन्सीकाकांचं मॉडेल आपल्याला पुढं न्यायचं आहे," ते म्हणाले. "त्यासाठी सगळ्या लाभार्थ्यांची माहिती आपण एका फॉर्ममध्ये भरून घेणार आहोत. ताई, काकांची डायरी असेल तर समितीकडं जमा करा."

"डायरी नव्हती," मी म्हणाले.

"मग सगळं कसं करायचे ते?"

"दोन घास खाल्ले का विचारायचे आन् मग फोन लावायचे," आशाबाई म्हणाल्या. "त्याला कसलं डोंबलाचं मॉडेल लागतं? सर, तुमच्या समितीनं दोन वर्षांत माझ्याकडं किती पोरं पाठवली?"

राजकुमार सरांनी पाण्याच्या छोट्या बाटलीचं झाकण उघडलं. "मावशी, समिती धोरण ठरवते."

"मग धोरण वाढते उद्या ताटात."

मागं कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. अकरा संस्थांचे प्रतिनिधी त्या खोलीत होते. प्रत्येकासमोर नावाची पाटी, फाईल, बाटली. एकाही फाईलमध्ये मोनिकाला झोपायला जागा नव्हती. एका संस्थेला वय अठराच्या आत हवं होतं, दुसरीला मूल हवं होतं, तिसरीला नवऱ्यानं मारल्याची तक्रार हवी होती. मोनिकाला कुणी मारलं नव्हतं हाच तिचा दोष. तिचा नंबर शेवटी आला. ती उभी राहिली, अर्ज धरलेला हात अंगाला चिकटवून.

"पत्र देता येणार नाही," राजकुमार सर म्हणाले. "काकांबद्दल पूर्ण आदर आहे. पण तो पत्ता वादात आहे. पोलीस म्हणतात, मुलगा राहत नव्हता. काकांचं म्हणणं होतं, पोलीस आलेच नाहीत. समितीनं कुणाचं ऐकायचं? हा विषय पुढच्या बैठकीत ठेवू."

"पुढची बैठक कधी?" मोनिकानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"माझी तारीख तीस आहे, सर."

"हो, बघू ना. काहीतरी करू."

काहीतरी. हा शब्द मी वर्गात फळ्यावरून पुसून टाकायला लावते. मोनिका खाली बसली नाही. बालगृहात बसायला सांगितल्याशिवाय बसत नाहीत, आणि तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

पोलिसांच्या वतीनं आलेले हवालदार दाराजवळच्या खुर्चीवर होते. समोरच्या पाटीवर 'कडुबा' एवढंच नाव मला दिसत होतं, आडनावावर फाईल होती. चेहरा मात्र मी आत आल्याबरोबर ओळखला होता, आणि त्यांनी मला.

"हवालदार, तुमचं काय म्हणणं आहे?" सरांनी विचारलं. "तुम्हीच होतात ना तेव्हा?"

ते उठले. "मीच होतो. दोनदा खुलासा द्यावा लागला मला. मी गेलो होतो सर, खोटं कशाला सांगू? दारात जाऊन विचारलं होतं."

"कुणाला विचारलं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. वर्षभर खोटारडा ठरलेला माणूस, आणि खरं न बोललेली मी त्याच्यासमोर दहा फुटांवर बसलेली.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "त्यांच्या घरात दुःख आहे."

मला राग आला. सकाळपासून आला होता तो फ्लेक्सचा, फॉर्मचा, बाटल्यांचा, पाटीवरच्या नावांचा, आणि तो सगळा योग्य होता. यांच्यापैकी कुणीही कधी दार उघडलं नव्हतं. पण मी उघडलं होतं. दार उघडून मीही तेच केलं होतं जे हे लोक टेबलामागं बसून करत होते: विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि हात झटकले. फरक एवढाच, की माझ्या उत्तराचा ठपका बाबांच्या नावावर गेला.

मी उभी राहिले. आशाबाईंनी माझा पदर ओढला, "बस गं, चक्कर येईल."

"सर, लिहून घ्या," मी म्हणाले. "मोनिका माझ्याकडं राहते. मी अमृता, बन्सी पोस्टमनची मुलगी, ते घर आता माझं आहे. हिला हवं तितके दिवस ही तिथं राहील. हे आधी लिहा."

राजकुमार सरांनी पेन उचललं. "आणि ते जुनं प्रकरण, ताई? ते मिटल्याशिवाय..."

"तेच सांगते." मी हवालदारांकडं वळले. "हवालदार साहेब आले होते. दार मी उघडलं. आकाश आमच्याकडं आठ दिवस राहिला होता, माझ्या ताटातलं जेवला होता, आणि तो त्या घडीला कुठं आहे हे मला माहीत होतं. मी फक्त 'नाही राहत' म्हणाले, कारण मला दार लावायचं होतं. साहेब, बाबांनी तुमच्यावर चार अर्ज केले. चारही मी तपासून दिले. चुका काढून दिल्या. बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही."