डाव्या वेलीवरचा भोपळा

मुख्य वेल

वेल दुपारीच वळवायची असते. सकाळी ती पाण्यानं ताठ असते, जरा ओढली की काकडीसारखी मोडते. उन्हानं मऊ पडली की ऐकते. माझी शिफ्ट साडेतीनला सुटते, गाव चाकणच्या कंपनीपासून जवळ, म्हणून जमत होतं. फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात शंभर किलोच्या वरचा भोपळा न्यायचा आहे. त्यासाठी वेलीवर एकच फळ राहायला हवं.

फुटवा

बिया ऑनलाइन मागवल्या तेव्हा अनिता, माझी बायको, म्हणाली, एवढा भोपळा खाणार कोण? म्हटलं, हा खायचा नसतो. ती म्हणाली, मग तो

(खुडला. फुटवे वाढू दिले की फळाचं पोषण तेच खातात.)

मुख्य वेल

दोन फळं धरली होती. मुख्य वेलीवर नारळाएवढं एक. डाव्या वेलीवर त्याहून मोठं. ठेवायचं होतं ते नारळाएवढं, कारण त्याचा देठ वेलीपासून लांब, काटकोनात. मोठं मात्र वेलीला खेटून बसलेलं. फुगलं की स्वतःचीच वेल उचलून मोडणार.

आज मोठं काढायचं होतं. तीनला सुपरवायझर आला.

"ओम, थांबावं लागतंय. तुझा रिलीव्हर तळवड्यात अडकलाय."

"किती वेळ?"

"मी काय ट्रॅफिक हवालदार आहे का, राव?"

मोबाइल लॉकरमध्ये. चहाच्या सुट्टीत पळत जाऊन आईला फोन लावला.

"भिवाला बोलव. मोठं काढायचं, बारकं ठेवायचं. म्हण बघू."

"मोठं काढायचं, बारकं ठेवायचं. मी काय येडी हाय व्हय?"

ती स्वतः काढणार नाही. आमच्याकडे बायका भोपळ्याला सुरी लावत नाहीत. म्हणून शेजारचा भिवा.

फुटवा

लाइनवर समोरून गाड्यांचे दरवाजे जातात. सगळे सारखे. एखादा जरी वेगळा आला असता तर मी निदान

(खुडला.)

मुख्य वेल

सहाला घरी पोचलो. ओट्यावर नारळाएवढं फळ. शेजारी सुरी.

"हे काय?"

"तूच सांगितलंस ना काढायला," भिवा म्हणाला. तो चहा पीत होता.

"मोठं सांगितलं होतं. आई, तू काय सांगितलंस त्याला?"

"सांगून ऐकू जातंय कुठं? पलीकडं खोल्यांचा स्लॅब टाकत्यात, तो मिक्सर धडधडतोय. मी बांधावरनं दावलं."

"कसं?"

तिनं तर्जनी मुडपली आणि पेर पुढं केलं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं, म्हणून आमच्या गावात सगळे असंच दाखवतात.

"त्या मुठीत दोन्ही फळं आली," भिवा म्हणाला. "मग मी डोकं लावलं. मोठं टाकून बारकं कोण ठेवतंय?"

"आई, जे काढायचंच होतं त्याला बोट दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आईनं खरंच विचार केला.

"शेजारीच व्हतं की दुसरं. बोट जरा हललं म्हंजी?"

कुणावर ओरडायचं? मी बूटसुद्धा न काढता वावरात गेलो.

डावी वेल

आता हीच मुख्य. फळाच्या बाजूची माती उकरली, वेल दोन्ही हातांत धरली आणि फळापासून लांब रेटली. कर्र. ऊन उतरलं होतं, वेल पुन्हा ताठ झाली होती. मला माहीत होतं. तरी रेटली. सालीवर बारीक चीर गेली. सोडून दिली.

खिशात कंपनीचा मेसेज वाजला. आठवडाभर सगळ्यांनी थांबायचं आहे.

आई आणि भिवा मागं येऊन उभे होते. अनिताही कामावर असते, दुसरं कोण आहे दुपारी घरी? आईचा हात धरून वेलीवर ठेवला, तिच्या बोटांवरून दाबलं, अगदी थोडं.

"रोज दुपारी. एवढंच. जास्त न्हाई."

"एवढंसं? मग ही वळायची कधी?"

"आठवड्यात वळेल."

"आन तोवर फळ फुगलं तर?"

"तर मोडंल," भिवा म्हणाला.

त्याला म्हटलं, तू गप्प बस. आणि आईचा हात पुन्हा वेलीवर ठेवला.