पालथं मंडळ

बारवेत माणूस बुडाला असं तुम्ही पंचनाम्यात लिहिलंत, फौजदारसाहेब, आणि ते खोटं आहे. खोटं आहे हे तुम्हाला त्याच दुपारी, त्याच पायरीवर कळलं होतं. तरी खोडलं नाहीत.

तुमच्या कागदात बुडालेला तो दस्तगीर. जुन्नरच्या बाजारात पत्र्याचे डबे नि कंदील दुरुस्त करतो. त्याचा आजा वली, त्यानं पत्रा जोडता जोडता एक खूळ काढलं होतं. हातभर लांबीची, टोकाला वाकवलेली पत्र्याची नळी, आणि काचेच्या तळाची एक डबी, कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. डबी डोळ्यांवर बांधायची, नळी तोंडात धरायची आणि बारवेच्या पाण्यावर पालथं पडून खालचं बघत राहायचं. त्या खुळाला दहाबारा गडी लागले. त्यांनी नाव ठेवलं जलदर्शन मंडळ. गाव म्हणायचं पालथं मंडळ. हसायचं गाव, पण कुणाची नथ पडली, कुणी जीव दिला, की याच पालथ्यांना हाक मारायचं.

वलीचा नियम एकच. पाण्यात एक, पायरीवर एक. कारण पालथा पडलेला माणूस आणि मढं वरून सारखंच दिसतं. पायरीवरच्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "बघतोय त्यो."

वलीमागं त्याचा लेक महंमद हनीफ, त्याच्यामागं दस्तगीर. बाकीचे कुणी पुण्याला गेले, कुणी मातीत. उरला कुंडलिक. बारवेशेजारी त्याचं वावर. त्याला पोहता येत नव्हतं, घोटाभर पाण्यालाही भ्यायचा, पण बावीस वर्षं पायरीवर बसला. पाण्याला आलेल्या बाया विचारायच्या, "कुंडलिकभाऊ, मेला का त्यो?"

"न्हाई गं. माशांत सोयरीक जुळवतोय. लेकीकडचं लई अडून बसल्यात."

गेल्या पौषात कुंडलिक तापानं गेला.

त्यानंतर तीन महिने दस्तगीर बारवेवर यायचा, पाय पाण्यात सोडून बसायचा आणि उठून जायचा. चैत्रातल्या एका दुपारी राहवलं नाही. बारवेच्या भिंतीतल्या कोनाड्यातून नळी-डबी काढली. ती कधी घरी न्यायची नाही, हीसुद्धा वलीचीच रीत. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर तो पाण्यात उतरला.

खाली उन्हाचे खांब उभे होते. शेवाळ चढलेली एक कळशी आडवी पडली होती, तिच्या तोंडातून सापासारखी लांब वाम मासोळी डोकावत होती. पाण्यात कान गेले की वरचं काही ऐकू येत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. वर येऊन दस्तगीरनं डबी सोडली आणि सवयीनं पायरीकडं बघून बोलला, "लई मोठी वाम हाय रं."

पायरी रिकामी होती.

नळी-डबी कोनाड्यात ठेवून तो वावरातल्या वाटेनं दुकानात परतला. तोवर चौकीदार सावळेराम धापा टाकत तुमच्याकडं पोचला होता. घटकाभरात तोच दुकानाशी आला.

"चाचा, चला! बारवेत मढं हाय. तुमच्याबिगर कोन काढनार?"

दस्तगीर दुकान उघडं टाकून निघाला. बारवेवर गर्दी होती. कोनाड्यात हात घातला तर कोनाडा रिकामा. चोरली कुणी तरी, म्हणून त्यानं शिवी हासडली आणि नुसत्या दमावर बुडी मारली. आठ बुड्या. बावन्न वर्षांचं शरीर. हातानं सगळा तळ चाचपला. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते.

"न्हाई घावत."

तेव्हा तुम्ही वरच्या पायरीवर खुर्ची टाकून लिहीत बसला होता, साहेब. पायांशी नळी आणि डबी.

"ही बुडालेल्याची," तुम्ही म्हणालात. "कोनाड्यात मिळाली."

दस्तगीर बघतच राहिला. मग सावळेरामाकडं वळला. "मढ्याच्या अंगावर काय व्हतं रं?"

"पट्ट्याची चड्डी." सावळेरामाची नजर दस्तगीरच्या ओल्या चड्डीवर गेली आणि तिथंच खिळली.

"साहेब, त्यो मीच."

"तू? तू तर उभा आहेस."

"आता उभा हाय. तवा पालथा व्हतो."

लोक हसले. तुम्हीही हसलात. मग विचारलंत, "सोबत कोण होतं? साक्षीदार?"

दस्तगीरनं पायरीकडं पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं होतं, आणि सांगणारा जागेवर नव्हता.

"कोन न्हवतं."

तुम्ही खाली सही केलीत. अनोळखी इसम बुडाला, प्रेत मिळालं नाही, जागा धोक्याची. आठवड्यात बारवेला काटेरी तार लागली. नळी-डबी लाखेची मोहोर मारून तुमच्या कपाटात गेली. वारसाला मिळेल म्हणालात. "वारस बी मीच," म्हणून तो पाच वेळा कचेरीत आला. पाचही वेळा तुमच्या शिपायानं बाकड्यावर बसवलं आणि संध्याकाळी उठवलं.

आता दस्तगीर दुपारी तारेबाहेर बसतो. एखादी बाई विचारते, "चाचा, हितं काय करताय?"

"बसलोय," म्हणतो. बघतोय असं म्हणायला पाण्यात कुणी नाही.

साहेब, दस्तगीर मेला असेल तर त्याचं मढं दाखवा. जिवंत असेल तर तार काढा आणि नळी त्याच्या हातात द्या. यातलं खरं कुठलं? लेखी उत्तर द्या, तुमच्या सहीनं.