डावा हात

"अहो, हलू नका. लागतंय आता," म्हणत बायकोने त्याच्या शर्टाचं बटण डाव्या हाताने काजात सारलं. ते पुन्हा निसटलं.

इस्पितळामागच्या कार्यशाळेत तो एकतीस वर्षं कृत्रिम हात बनवत होता. सगळे त्याला हातवालेच म्हणत. बोटं घासून गुळगुळीत करताना तो हमखास म्हणायचा, "कितीही डोकं लढवा, मूळ कारागिराची सर येणार नाही. अंगठा केवढासा, पण तो समोर वळवला म्हणून माणूस घास उचलतो." त्याचा देव तो एवढाच, चोख कामाचा.

आणि त्याच्याच घरात अर्धांगाच्या झटक्याने बायकोची उजवी बाजू गेली. हाडं, शिरा, नखं सगळं जागच्या जागी. पण हात जिथे ठेवावा तिथेच पडून राहायचा. दोन महिने त्याने चोळून पाहिलं, स्प्रिंगचे पट्टे करून बांधले. हात ढिम्म हलेना. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, देवाची काहीतरी योजना असेल."

"मग नकाशा दाखवायला सांगा त्याला," तो खेकसला. त्या दिवसापासून त्याने देवाचं नाव टाकलं.

अखेर बटण लागलं. बायको वाकड्या ओठांनी हसली. "बघितलंत? जन्मभर या डाव्याला कुणी विचारलं नाही. मेला गुपचूप बघून शिकत होता."

"हं."

"हं काय? तुमच्या कारागिराने आधीच जोडी देऊन ठेवली होती. आपणच एकाच्या मागे लागलो."

तिने बाकीची तीन बटणं लावेपर्यंत तो लहान मुलासारखा उभा राहिला. कामावर जाताना जिन्यात थांबून त्याने हात जोडले. उजव्याचा राग गेला नव्हता. हे डाव्यासाठी होते.

त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी तिला दुसरा झटका आला. ती गेली तेव्हा तिच्या डाव्या मुठीत त्याची बाही होती. कुणीतरी कात्री आणली. "नको," तो म्हणाला आणि एकेक बोट स्वतः सोडवत बसला. प्रत्येक पेर आपापल्या जागी कसं वळतं, हे तो इतकी वर्षं लोकांना सांगत आला होता.

कामावर परतला त्या दिवशी छापखान्यातली एक बाई आली. यंत्रात तिचा उजवा हात गेला होता.

"नव्या हाताला कळेल का हो, मुलीच्या अंगात ताप आहे की नाही ते?"

"नाही बाई. तो पकडेल. कळणार नाही. तेवढं फक्त मूळ कारागिरालाच जमलंय." त्याने कागद सरकवला. "डावा ठेवा यावर. त्याच्यावरून माप घेऊ."

पेन्सिल मनगटापासून निघाली, बोटाबोटांच्या फटींतून फिरत करंगळीशी आली आणि थांबली. कागद सरकू नये म्हणून त्याने तिच्या पंजावर आपला पंजा टेकवला होता. तिचा पंजा उबदार होता.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालंच," तो म्हणाला. "जरा तसाच राहू द्या."