दस्तगीरला सांगितलेल्या कादंबऱ्या

परंड्यात मल्लिनाथअप्पांचं कापडाचं दुकान होतं. मागच्या फळीवर धोतरजोड्यांच्या शेजारी कादंबऱ्या ठेवलेल्या असायच्या. खून, भुयारं, बुडालेली जहाजं. अप्पा त्या कुर्डुवाडीच्या स्टेशनावरून आणत. नावाजलेल्या लेखकांकडं ते बघत नसत. त्यांचे लेखक म्हणजे कुणी भुसावळचा रेल्वे कारकून, कुणी मिरजेचा कंपाउंडर. ज्यांचं नाव दुसऱ्यांदा छापून यायचं नाही असे.

"मोठ्या लेखकाचा नायक मरणार न्हाय, हे आधीच ठावं असतं," अप्पा गिऱ्हाइकाला सांगत. "ह्यांचा भरवसा न्हाय. हीच न्या."

गिऱ्हाइकं नेत आणि वाचून परत आणत. शेजारचा पेंडीवाला बब्रुवान तर फळीवरचं एक पुस्तक सोडत नसे.

कुर्डुवाडी इंग्रजी हद्दीत, परंडा निजामाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथला कारकून दस्तगीर येणारा-जाणारा माल तपासायचा. त्या काळात बाहेरून येणाऱ्या मराठी पुस्तकांवर सरकारचा डोळा होता. एकदा त्यानं अप्पांच्या गठ्ठ्यातून कादंबरी ओढून काढली.

"इसमें क्या है? सरकार के खिलाफ?"

"खुनाची गोष्ट हाय."

"किसका खून?"

अप्पा सांगू लागले. दस्तगीरला मराठी वाचता येत नव्हतं, पण बोललेलं सगळं कळायचं. त्यानं अप्पांना बसायला बाकडं दिलं, मग चहा मागवला. गठ्ठा तपासायचा राहूनच गेला.

पुढं हा रिवाजच पडला. अप्पा येताना एक मराठी गोष्ट सांगत, जाताना दस्तगीर एक उर्दू जासुसी कथा सांगे. कधी तो पुस्तकच हातात ठेवायचा, कारण अप्पांची शाळा उर्दूतच झालेली. "ये लिखनेवाले को कोई नहीं पूछता, शेटजी. तुम पढ़ो," म्हणायचा. दोघांनी एकमेकांच्या घरी कधी पाणी प्यायलं नव्हतं. पण कुर्डुवाडीच्या स्टॉलवर नवं पुस्तक चाळताना अप्पांच्या मनात पहिला विचार यायचा, हे दस्तगीरला आवडेल का?

मग अठ्ठेचाळीस साल आलं. गावोगाव रझाकारांची दहशत बसली. लोक बायकापोरं घेऊन हद्दीपार निघाले. अप्पांची बैलगाडी नाक्यावर आली तेव्हा समुद्रातल्या दिव्याच्या राखणदाराची गोष्ट मागच्या खेपेला अर्धीच सांगून झाली होती. दस्तगीरनं गाडीतल्या पेट्यांना हात लावला नाही.

"जल्दी जाओ. बाकी की कहानी आके सुनाना."

"तुम्हीबी घरच्यांना घेऊन निघा."

"अम्मा को दिखता नहीं. कहाँ लेके फिरूँ?"

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामी संपली. अप्पा परतले, तेव्हा नाक्याच्या नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या. दस्तगीर रझाकार नव्हता. पण निजामाचा माणूस एवढं कारण जमावाला पुरलं होतं. त्याला नाक्यावरून ओढत नेऊन मारलं होतं.

अप्पा त्याच्या घरी गेले. बायको, जैतुनबी, उंबऱ्यात बसली होती. आतून म्हातारीनं विचारलं, "कौन है?"

"मल्लिनाथ. परंड्याचा कापडवाला."

"कहानीवाले?" म्हातारी चाचपडत पुढं आली. "वो रोज रात मेरेकू सुनाता था. वो दियेवाले की अधूरी रह गई, बाबा. वो घर आया क्या?"

कादंबरीत राखणदाराला शेवटी लाट घेऊन जाते.

"आला," ते म्हणाले. "घरी आला."

"हौ. दस्तगीर की कहानी में सब घर आते."

अप्पांनी सांगितलेल्या गोष्टींतली कितीतरी माणसं मेली होती. दस्तगीरनं आईसाठी त्यातल्या एकेकाला जिवंत ठेवून घरी पोचवलं होतं. अप्पा भिंतीला टेकून बसले.

जैतुनबीचा भाऊ हैदराबादेत होता. अप्पांनी दोघींना कुर्डुवाडीला नेऊन गाडीत बसवून दिलं. निघताना जैतुनबी एवढंच म्हणाली, "उस भीड़ में तुम्हारा पेंडीवाला भी था."

दिवाळीआधी बब्रुवान दुकानात आला. फळीकडं बघत म्हणाला, "अप्पा, लई दिवस झाले. एखादी चांगली सांगा की."

"नाक्यावर तू होतास?"

बब्रुवानची नजर खाली गेली. "सगळं गाव होतं. म्या नुसता उभा होतो."

"तुझी बायकोबी त्याच नाक्यावरून गेली होती. तिच्या गाडीला त्यानं हात लावला न्हाय."

बब्रुवान हळूच म्हणाला, "कुठलीबी द्या, अप्पा. रात्री झोप लागत न्हाय."

"तुला द्यायला माझ्याकडं पुस्तक न्हाय."

बब्रुवान निघून गेला. झंपराचं कापड घ्यायला आलेली सारजाबाई मघापासून ताटकळली होती. अप्पांनी कापड मोजलं, कात्री चालवली.

"अप्पा, वाकडं जातंय की," ती म्हणाली.

अप्पांनी हातातल्या कापडाकडं पाहिलं. मग कात्री तशीच हातात धरून ते गादीवर बसले आणि तिच्यादेखत हुंदके देऊन रडू लागले.