सात नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी पैसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. पैसे काढायला आलेल्या माणसाला बँकेत नंबर म्हणून देतात ना, तो. माझ्या पोटावर सातचा आकडा कोरलेला आहे. पालमला नवी बँक उघडली, तेव्हा भावंडांसह मी तिथल्या काउंटरवर आलो.

काय दिवस होते ते! रोखपाल अनंतराव "नंबर सात!" असे खणखणीत पुकारत आणि बाकावरची माणसे दचकून आपापली मूठ उघडून पाहत. कोणाच्या तळव्याला चुना लागलेला असे, कोणाच्या बोटांना कापूस. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना एका तारेत ओवून ठेवत. एकटेपणा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते.

एके दिवशी कस्तुराबाई आली. नवरा वारल्यावर माहेरच्यांनी दिलेली म्हैस विकून तिने पैसे बँकेत ठेवले होते. ते लेकीच्या शिक्षणासाठी होते. लेक पद्मजा तेव्हा तिसरीत होती. तिच्या वह्यापुस्तकांसाठी थोडे पैसे काढायचे म्हणून बाईने अंगठा उठवला, मला घेतले आणि बाकावर बसली. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एसटी कधी चाले, कधी बंद पडे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तशी तिने मला पदराच्या गाठीत बांधले आणि धूम ठोकली. मागे अनंतराव पुकारतच राहिले.

घरी दीर सूर्यभान वाट पाहत होता. माणूस वाईट नव्हता. पण विहिरीवर मोटार बसवायचे त्याने डोक्यात घेतले होते.

"वैनी, बँकेतला पैसा काढा की समदा. पोरीला शिकवून काय करायलाव?"

एका घरात राहून दिराला तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. कस्तुराबाई चूल पेटवायला उठली. दुसऱ्या दिवशी मला घरीच ठेवून ती पुन्हा पालमला जाऊन आली आणि आल्या आल्या तिने मला दिरापुढे धरले.

"भावजी, ह्यो बघा बँकेचा बिल्ला. सात लिवलंय. सात वर्सं झाल्याबिगर आता पैसा सुटत न्हाई."

सूर्यभान बँकेची पायरी कधी चढला नव्हता. त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले. पितळेवर कोरलेले खोटे कसे असेल?

"लय कडक कारभार हाय की!" म्हणून त्याने मला परत दिले.

मला मात्र तिची फार कीव आली. बिचारी! माझा अर्थ तिला कोणी नीट सांगितलाच नाही, असे मला वाटले. तिने मला कुंकवाच्या करंड्यात ठेवले. नवरा गेल्यापासून तो रिकामाच पडून होता. आता आम्ही दोघेही बिनकामाचे. मला पुकारणारे कोणी नव्हते, शोधायलाही कोणी आले नाही. दर दिवाळीला सूर्यभान विषय काढी, ती झाकण उघडून मला दाखवी आणि झाकण लावी. माझ्या वाट्याला उजेड तेवढाच. मी हळूहळू हिरवा पडत गेलो.

सात वर्षे सरली, पद्मजा दहावी झाली आणि सूर्यभान न चुकता दारात हजर!

"वैनी, मुदत भरली."

"भरली की. पैसा सुटला, अन् पदमीच्या कॉलेजात अडकला. परभनीला नाव घातलं तिचं."

सूर्यभान डोके खाजवत निघून गेला. पद्मजाने मला हातात घेतले आणि ती खो खो हसली.

"अगं माय, हे नुसतं टोकन हाय! ह्याच्यात मुदत-बिदत काई नसती."

"मला ठाव हाय गं," कस्तुराबाई म्हणाली. "दुसऱ्याच दिशी साहेबांनी समदं सांगितलं. बिल्ला हरवला म्हनलं, दंड भरला, अन् ठिवून घेतला ह्याला. पर तुझ्या काकाला कुठं ठाव हाय?"

मित्रांनो, मी थक्क झालो. मी टाकलेला नव्हतो. पदरचे पैसे मोजून तिने मला घरी ठेवले होते. बँकेच्या बाकावर अंगठा उठवणारी एखादी बाई बावरून बसलेली दिसली, तर तिला जरूर मदत करा. पण तिला खुळी समजू नका. मी सात वर्षे तिच्याच घरात राहिलो, तिची कीव करत राहिलो, आणि मला ती कळली नाही.